दस्तरखानाबाहेरचा घास

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी रक्ततपासणीचे दोन रिपोर्ट एकाच दुपारी आमच्या हातात आले. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, मराठीचेही तास घेतो. त्यामुळे नातेवाईक असोत की विद्यार्थ्यांचे पालक, इंग्रजीत छापलेला कागद वाचून घ्यायला माणसे आमच्या दारात येतात. पूर्वी बँकेची पत्रे आणि नोटिसा यायच्या. अलीकडे सर्वांत जास्त येतात ते लॅबचे रिपोर्ट.

पहिला रिपोर्ट घरचाच, धाकट्या दिराचा. वय ३१. नोकरी पुण्याच्या संगणक कंपनीत. मार्च २०२० मध्ये लॅपटॉप आणि कपड्यांचे दोन जोड घेऊन तो सोलापूरला आला. पुढे कंपनीने घरून काम करण्याची मुभा चालू ठेवली आणि तो इथेच राहिला. महिन्यातून तीन-चार दिवस पुणे, बाकीचे दिवस नव्या पेठेतल्या आमच्या घराची वरची खोली. या काळात त्याचे वजन १२ किलोंनी वाढले. मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी जी तपासणी असते, डॉक्टर जिला एचबीए-वन-सी म्हणतात, तिचा आकडा आला होता ६.२. हा आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक, ६.५ किंवा त्याहून वर गेला की मधुमेह. म्हणजे दीर उंबरठ्यावर उभा होता. सासऱ्यांचा पाय याच आजारात कापावा लागला होता. त्यामुळे आकडा ऐकल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या उठून आत गेल्या.

दुसरा रिपोर्ट आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईचा. ती शहराच्या पूर्व भागात राहते आणि गेली पंधरा वर्षे विड्या वळते. जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. हिमोग्लोबिन ८.४. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात.

"टीचर, हे कमी म्हणजे किती कमी?" तिने विचारले.

आम्ही सांगितले. ती म्हणाली, "मग बरोबर. मला वाटायचं, वयाने थकायला होतंय." तिचे वय ३८.

एक जण नको तितके खाऊन आजाराच्या दारात गेला, दुसरी पुरेसे न खाल्ल्याने. वरवर पाहता दोघांचे दुखणे अगदी उलटे. पण दोघांत एक गोष्ट सारखी होती. दोघेही घरी बसून काम करतात आणि दोघांच्याही दिवसात जेवणाची सुट्टी नाही.

भोंग्याचे शहर, घरातले काम

घरून काम ही गोष्ट कोरोनाने आणली, असे आता सगळे म्हणतात. सोलापूरकराने तरी तसे म्हणू नये. या शहरात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम करत आल्या आहेत. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. कुंभारीजवळ गोदूताई परुळेकरांच्या नावाने १० हजार घरांची वसाहत उभी राहिली ती याच विडी कामगार बायकांसाठी. त्यांच्या कामाला कोणी 'वर्क फ्रॉम होम' म्हटले नाही, एवढाच फरक.

त्याच शहराने कामाचे घड्याळही पाहिले आहे. जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली, मागून आणखी गिरण्या आल्या आणि सोलापूर भोंग्यावर चालू लागले. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी सुटली. गिरणीत काम केलेली जुनी माणसे अजूनही भोंग्याच्या हिशेबाने वेळ सांगतात. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने नियम घालून दिला की, कामगाराला सलग पाच तासांहून जास्त राबवायचे नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये जो कायदा झाला, त्यातही कारखान्यात बसून काम करणाऱ्यांसाठी असाच अर्धा तास ठेवला गेला. मात्र स्वतःच्या घरात विडी वळणारीसाठी तो अर्धा तास मोजायला कोणी येत नाही. लॅपटॉपवाल्यासाठीही येत नाही.

शाळेत मधल्या सुट्टीची घंटा होते. एखाद्या मुलाला भूक नसली तरी सगळे डबे उघडतात म्हणून तोही उघडतो. घंटा झाल्यावर कितीही खावेसे वाटले तरी डबा बंद. खाली नव्या पेठेतल्या कापडाच्या दुकानांतली पोरेसुद्धा दुपारी पाळीपाळीने आत जाऊन डबा खातात, मग पुन्हा गिऱ्हाईक पाहतात. घरात मात्र घंटा नाही आणि पाळीही नाही. म्हणून एक जण दिवसभर खातो आणि दुसरी दिवसभर जेवणच पुढे ढकलते.

आठ दिवसांची हजेरी

उपदेश करण्याआधी आम्ही एक काम केले. शाळेतले एक कोरे हजेरीपत्रक घरी आणले आणि दिराला म्हटले, "आठ दिवस काही सोडू नकोस. फक्त जे तोंडात जाईल ते वेळेसह लिही." विडीवाल्या ताईंना लिहिण्याची सवय नाही. त्यांच्या मुलीने रोज रात्री आईला विचारून वहीत लिहायचे ठरले.

दिराच्या पत्रकातला एक दिवस असा होता. सकाळी नऊला चहा आणि दोन खारी. साडेदहाला मीटिंग संपली म्हणून चहा, सोबत फरसाण. बाराच्या सुमारास 'काहीतरी' म्हणून बिस्किटाचा अर्धा पुडा. जेवण तीन वाजता, लॅपटॉपसमोर, तेही थोडेसे, कारण पोट आधीच भरलेले. साडेचारला चहा आणि बटर. सहाला खालून मागवलेली भजी. रात्री साडेदहाला पोटभर जेवण आणि बाराला चिवडा. दिवसाचे सात चहा. कपामागे दोन चमचे साखर, एक चमचा पाच ग्रॅमचा धरला तर नुसत्या चहातून ७० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की, वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे मिठाईचा तुकडाही न खाता दीर त्याच्या जवळजवळ तिप्पट साखर पीत होता.

पत्रक पाहून त्यालाच नवल वाटले. तो म्हणाला, "भाभी, यातल्या अर्ध्या वेळी मला भूक नव्हती."

मग कशासाठी खाल्ले? आम्ही दोघांनी प्रत्येक नोंदीसमोर कारण लिहून काढले. मीटिंग लांबली, कंटाळा आला, वरिष्ठ बोलले, काम अडले, काम झाले म्हणून आनंद, अम्मी चहा घेऊन आल्या म्हणून त्यासोबत काहीतरी. भूक हे कारण दिवसातून दोन-तीनदाच निघाले. आम्हाला त्याला नावे ठेवण्याचा अधिकार नव्हता. २०२० मध्ये शाळा बंद असताना आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाईल उभा करून वर्ग घेत होतो. शंकरपाळ्यांचा डबा हाताच्या अंतरावर असायचा. मुलांना शुद्धलेखन लिहायला दिले की आमचा हात डब्यात. त्या वर्षी आमचेही पाच किलो वाढले होते.

पडद्याकडे पाहत खाल्ले की माणूस जास्त खातो, हे आहारावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. शिवाय नीट लक्ष न देता खाल्लेले लक्षात राहत नाही, त्यामुळे पुढच्या वेळीही भर पडते. जिभेला दोष देण्यात अर्थ नाही. डबा हाताशी आहे आणि लक्ष दुसरीकडे आहे, एवढ्याने काम बिघडते.

दुसऱ्या वहीत चहाच चहा

विडीवाल्या ताईंची वही वाचायला अवघड गेली. फजरनंतर चहा आणि एक टोस्ट. मग घरचा स्वयंपाक, मुलांचे डबे. दहाला विड्या देऊन माल आणायला जायचे. आल्यावर चहा. साडेअकराला सूप मांडीवर घेतले की दोन वाजता पुन्हा चहा, 'कारण उठले की हात थांबतो.' हात थांबला की हजार पूर्ण होत नाहीत. भाकरी चार वाजता, कधी साडेचारला, मुलांच्या डब्यातले उरलेले कालवण असेल त्यासोबत. रात्री सगळ्यांचे झाल्यावर जे उरेल ते. दिवसाचे पाच-सहा चहा आणि एक-दीड जेवण.

इथे वरचे खाणे फारसे नव्हतेच. चहा-टोस्टने जेवणाची जागा घेतली होती. टोस्ट मैद्याचा. चहा भूक मारतो म्हणून बरा वाटतो. पण चहातले टॅनिन अन्नातले लोह शरीराला लागू देत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे ते याच कारणाने. ताई चारची भाकरी चहासोबत खात होत्या. मेथीची भाजी केली त्या दिवशीही.

दुसरी गोष्ट हातांची. तंबाखूची बारीक धूळ बोटांना, नखांना, ओढणीला लागते. नुसत्या पाण्याने ती जात नाही. त्याच हाताने टोस्ट खाल्ला तर तंबाखूही पोटात जातो आणि तंबाखूतले निकोटिन भूक मारणारेच आहे. ताई म्हणाल्या, "मला तर भूकच लागत नाही, टीचर." आम्हाला वाटते, भूक लागत होती, तिला ऐकायला त्या जागेवरून उठत नव्हत्या.

ही दोन घरांची गोष्ट आहे, पण दोनच घरांची नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक आमच्या दिरासारखे उंबरठ्यावर आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. चार-पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीत तो आकडा ४८ होता. म्हणजे तो वाढतो आहे.

आमची पहिली चूक

शिक्षकाची सवय वाईट. आम्ही पहिल्याच दिवशी सगळे बंद केले. खारी, बटर, फरसाण, बिस्किटे शेजारी वाटून टाकली आणि दिराला सांगितले, "दोन जेवणे, दोन बिनसाखरेचे चहा, बाकी काही नाही."

चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी शाळेतून आलो तर वरच्या गॅलरीतून पिशवी खाली सोडलेली आणि भजीवाल्याचा पोरगा तीत पुडा ठेवतोय. नव्या पेठेत राहून खाण्यावर पहारा ठेवणे म्हणजे बाजारात बसून आवाज बंद करण्यासारखे. आम्हाला राग आला, मग हसू आले. दीर म्हणाला, "भाभी, रमजानमध्ये मला दिवसभर आठवणसुद्धा होत नाही. आताच काय होतं?"

प्रश्न त्याने सहज विचारला, पण आम्हाला उत्तर तिथेच सापडले. रमजानमध्ये भर उन्हाळ्यातही हाच मुलगा चौदा तास पाण्याचा थेंब न घेता काम करतो. इबादतीचा जोर तर असतोच. पण दिवसही बांधलेला असतो. सहेरीची वेळ ठरलेली, इफ्तारची वेळ ठरलेली, खाणे दस्तरखानावर, घरातले सगळे सोबत. मधल्या वेळी 'खाऊ की नको' हा विचारच मनात येत नाही. आणि त्याच रमजानमध्ये मगरिबनंतर बांध सुटला, भजी-समोसे, सरबत, रात्रभर काही ना काही, की महिनाअखेरीला वजन उलट वाढते, हेही आम्ही घरात पाहिले आहे. म्हणजे मनाचा निग्रह माणसात असतोच. त्याला वेळ आणि जागा नेमून दिली की तो टिकतो.

म्हणून आम्ही यादीतून पदार्थ खोडायचे सोडले आणि एकच नियम केला: दस्तरखान पसरल्याशिवाय घरात कोणी काही खायचे नाही. एक शेंगदाणासुद्धा नाही. जे खायचे ते खाली बसून, लॅपटॉप आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. भजी खायची असली तरी चालेल, पण दस्तरखान पसरा, बसा, खा, पुसा, घडी घाला. नियम सर्वांना, आम्हालाही.

पहिल्या आठवड्यातच कळले की एका बिस्किटासाठी दस्तरखान पसरण्याचा कंटाळा येतो. तो कंटाळा आमच्या कामी आला.

आमच्या घरचे वेळापत्रक

खाण्याच्या वेळा चार ठरल्या. सकाळी नाश्ता, काम सुरू होण्याआधी. दुपारी जोहरची नमाज झाली की लगेच जेवण. असरनंतर एक छोटे खाणे. रात्री इशाच्या आधी जेवण. नमाजसाठी माणूस तसाही उठतो, वुजू करतो, हातपाय मोकळे होतात. वेगळी घंटा शोधावी लागली नाही. दिराने कंपनीच्या कॅलेंडरमध्ये दीड ते सव्वादोन ही वेळ 'व्यस्त' म्हणून टाकून ठेवली. कोणी हरकत घेतली नाही. पाच वर्षे त्याने विचारलेच नव्हते.

दुपारचे जेवण भरपूर केले. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. वरचे खाणे कमी करायचे असेल तर जेवण कमी करून चालत नाही. ताटात ज्वारीची भाकरी, डाळ किंवा उसळ, एक पालेभाजी, काकडी-कांदा, ताक, आणि आठवड्यातून दोन-तीनदा अंडे, मासे किंवा गोश्त. ज्वारी आपल्या जिल्ह्याची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिच्यात तंतू भरपूर आणि भाकरी सावकाश पचते, त्यामुळे चार वाजता पोट हाक मारत नाही. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून सांगितली जाते. दस्तरखानावर शांतपणे बसले की ती पाळता येते. पडद्यासमोर तिसरा भाग केव्हा भरला ते समजतच नाही.

असरच्या वेळचा डबा सकाळीच भरतो. आम्ही शाळेचा डबा भरतो तेव्हाच दिराचाही भरतो, जणू तोही कामावर निघाला आहे. डब्यात जे आहे तेवढेच. एक दिवस मूठभर फुटाणे आणि थोडा गूळ, एक दिवस मोड आलेली मटकी लिंबू पिळून, एक दिवस डाळिंब किंवा पेरू, एक दिवस कडक भाकरी आणि शेंगाचटणी. खारी चहात बुडवायची सवय होती, तिची जागा कडक भाकरीने घेतली. तीही कुरकुरीत, पण ज्वारीची आणि बिनतेलाची. शेंगदाण्यांबाबत मात्र सावध राहावे. प्रथिने चांगली असली तरी १०० ग्रॅम शेंगदाण्यांत ५०० हून जास्त उष्मांक असतात. म्हणून मूठभर, वाडगाभर नाही. डाळिंब दाणे काढून खावे, रस काढून नाही. रसात तंतू राहत नाहीत आणि दोन-तीन फळांची साखर एका घोटात जाते.

चहा सातवरून तीनवर आला. साखर एकदम बंद केली नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केली. सोलापूरच्या उन्हात तहान लागते आणि माणूस चहा पितो, म्हणून टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवला. दिराने रिकामा केला की त्यानेच उठून भरायचा.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. हजेरीपत्रकात दिराचे सात चहा होते, पण ते वर कोण नेत होते? ६८ वर्षांच्या सासूबाई. गुडघे धरून, दिवसातून सहा-सात वेळा जिना. मुलगा घरात आहे म्हणजे त्याला काही ना काही दिलेच पाहिजे, ही त्यांची माया. मुलगा कामात आहे म्हणजे त्याने उठू नये, ही घराची समजूत. माणूस घरून काम करू लागला की घरातल्या बायकांचे स्वयंपाकघर दिवसभर चालू राहते, ही गोष्ट कोणी मोजत नाही. आता दीर आपला चहा स्वतः खाली येऊन करतो आणि अम्मीलाही एक कप देतो. सुरुवातीला अम्मी रुसल्या. म्हणाल्या, "अब मेरे हाथ की चाय भी नक्को?" त्यांना समजवायला आमच्यापेक्षा त्यांच्या गुडघ्यांचा जास्त उपयोग झाला.

विडीवाल्या ताईंसाठी

दिराला वेळ काढणे सोपे होते. ताईंना अर्धा तास म्हणजे कमी झालेल्या विड्या आणि कमी झालेली मजुरी. त्यांना 'वेळेवर जेवा' असे सांगून मोकळे होणे म्हणजे त्यांची थट्टाच. म्हणून त्यांच्याशी बोलून जे जमण्याजोगे वाटले तेवढेच ठरवले.

पहिले, त्या सरकारी दवाखान्यात गेल्या. ८.४ हिमोग्लोबिन नुसत्या भाजीने भरून येत नाही. डॉक्टरांनी तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसरे, गोळी आणि जेवण चहापासून एक तास दूर. चहा बंद नाही, फक्त सरकवला. तिसरे, सकाळी मुलांचे डबे भरतानाच स्वतःचाही डबा भरायचा: दोन भाकरी, जी असेल ती भाजी किंवा डाळ, वर लिंबाची फोड. लिंबाने लोह अंगाला लागायला मदत होते. चौथे, मुलगी दुपारी शाळेतून आली की आईचे सूप उचलून बाजूला ठेवते, हातावर साबण आणि पाणी देते आणि दोघी दस्तरखान पसरून जेवतात. ती मुलगी आमच्या वर्गात आहे. तिला आम्ही सांगितले, "मधल्या सुट्टीची घंटा तू वाजवायची."

मजुरी? ताईंनी हिशेब केला. सुरुवातीला शंभरेक विड्या कमी झाल्या. महिनाभराने म्हणाल्या की, संध्याकाळी हात पूर्वीसारखा जड होत नाही, त्यामुळे बरेचसे भरून निघते. सगळे भरून निघते असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि आम्हीही तसे लिहिणार नाही. घरात बसून विडी वळणाऱ्या बाईचा जेवणाचा अर्धा तास आजही तिच्या स्वतःच्या खिशातून जातो.

तीन महिन्यांनी

एचबीए-वन-सीची तपासणी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून फारसे काही कळत नाही, म्हणून थांबलो. दिराचा आकडा ५.९ आला. वजन चार किलोंनी उतरले. उंबरठा अजून ओलांडून मागे आलेला नाही, पण तोंड योग्य दिशेला आहे. तो आता असरनंतर अर्धा तास चालतो, हेही त्यात मोजले पाहिजे. ज्यांना मधुमेह झालेलाच आहे, जे औषध किंवा इन्शुलिन घेतात, त्यांनी खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. रमजानच्या रोजांबाबतही महिना लागण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्यावे.

ताईंचे हिमोग्लोबिन १०.१ झाले. परवा त्या जिना चढून आल्या आणि दारात उभ्या राहूनच बोलू लागल्या, धाप न लागता. येताना कागदात बांधून कडक भाकरी आणल्या होत्या. आम्ही दस्तरखान पसरला.

ज्यांच्या घरात कोणी घरून काम करते, मग ते लॅपटॉपवर असो, शिलाई मशीनवर असो की सुपावर, त्यांनी एक आठवडा एवढेच करून पाहावे. एका कागदावर तोंडात जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीची वेळ लिहावी आणि समोर कारण लिहावे. भुकेने किती वेळा खाल्ले आणि भूक असून किती वेळा खाल्ले नाही, ते मोजावे. पत्रक शुक्रवारी सगळ्यांनी मिळून वाचावे. त्यात स्वयंपाक करणारीचाही रकाना ठेवायला विसरू नये. बहुतेक घरांत सर्वांत रिकामा रकाना तोच निघेल.